श्वास घेता येतो, सोडता येत नाही

नानांना सीपॅपचं मशीन लावल्याची ती तिसरी रात्र होती. पहाटे साडेतीनच्या सुमारास पलीकडच्या खोलीतून मास्कचा पट्टा ओढून काढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मोकळ्या सुटलेल्या हवेचा सूंऽ सूंऽ आवाज. मी उठून गेले तर ते पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. "हवा आत येतीया गं," ते म्हणाले, "पण आत गेलेली भाईर पडंना. फुगा फुगवल्यागत होतंय."

सकाळी मशीन बसवून गेलेल्या मुलाला फोन केला. मुलगा नम्र होता, त्यानं ऐकूनही घेतलं. म्हणाला, "ताई, नव्या पेशंटला असं होतंच. काकांना सांगा, सवय होईल." पुढच्या दोन महिन्यांत हे 'सवय होईल' आम्ही आणखी तीन ठिकाणी ऐकलं. सवय झाली नाही. मग मी वाचायला लागले, छातीच्या डॉक्टरांना, झोपेच्या तपासण्या करणाऱ्या तंत्रज्ञांना आणि मास्क लावून झोपणाऱ्या माणसांना विचारत गेले. 'श्वास सोडता येत नाही' ही एक तक्रार नाही, हे त्यातून कळलं. त्या एका वाक्याच्या पोटात निदान चार वेगळ्या तक्रारी असतात. त्यांची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि एकीचा उपाय दुसरीला घातकही ठरू शकतो.

आधी साध्या श्वासाबद्दल. श्वास घेणं हे काम आहे. त्यासाठी छाती आणि पोट यांमधला पडदा खाली खेचावा लागतो, बरगड्या उचलाव्या लागतात. शांत बसलेल्या माणसाला श्वास सोडताना मात्र काहीच करावं लागत नाही. ताणलेलं रबर सोडून द्यावं तशी फुप्फुसं आपल्या मापावर परत येतात आणि हवा निघून जाते. दमून आलेला माणूस टेकतो आणि 'हुश्श' करतो, त्या हुश्शमध्ये कष्ट नसतात, कष्ट संपलेले असतात. हठयोगात पूरक, कुंभक आणि रेचक यांचं प्रमाण एकास चार आणि दोन असं सांगितलेलं आहे, म्हणजे सोडण्याला घेण्याच्या दुप्पट वेळ. एरवीच्या श्वासातही सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांबच असतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांमध्ये शरीरातले दाब कसे बदलतात हे उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे श्वासाचं मोजमाप नवं नाही. पण ते सगळं जागेपणीचं. झोपेतला श्वास विज्ञानाच्या नजरेस फार उशिरा पडला.

झोपेत घसा मिटून श्वास अडतो, हे १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदवलं. त्यावर तेव्हा एकच हमखास इलाज होता, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची. पुढची पंधरा वर्षं तेच चाललं. मग ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून नाकातून घशात सतत दाबाची हवा सोडून पाहिली. या हवेनं घसा आतून टेकू दिल्यासारखा उघडा राहिला. १९८१ च्या एप्रिलमध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अहवाल आला तेव्हा रुग्ण फक्त पाच होते आणि दाब साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. आज जगभरात जी सीपॅप मशीनं उशाशी घुरघुरतात ती सगळी त्या मोटरची नातवंडं आहेत.

'सेंटिमीटर पाणी' हे माप कागदावर वाचून काही समजत नाही. घरी करून पाहण्यासारखं आहे. उंच पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉ दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि तिच्यातून श्वास सोडा. बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढा दाब दहावर लावलेल्या मशीनचा. दोन-चार श्वास गंमत वाटते. रात्रभर, झोपेत, प्रत्येक उच्छ्वासाला तोच पेला समोर धरलेला असतो असं समजा, म्हणजे नानांच्या 'फुगा फुगवल्यागत'चा अर्थ कळेल.

इथे शरीराची एक सोय आहे, ती सांगायला हवी. दाबाखाली फुप्फुसं थोडी जास्त फुगलेल्या स्थितीत स्थिरावतात आणि तिथून पुढे श्वास सोडणं पुन्हा बरंचसं आपोआप होऊ लागतं. पण माणूस जर सवयीनं पूर्वीइतकी रिकामी छाती करू पाहील, तर पोटाचे स्नायू आवळून ढकलावं लागतं. म्हणून पहिल्या काही रात्री श्वास 'पूर्ण सोडण्याचा' हट्ट न धरलेलाच बरा. 'सवय होईल' हे वाक्य खरं ठरतं ते इथे, फक्त या पहिल्या तक्रारीपुरतं. हे कारण कुणी नानांना समजावून सांगितलं असतं तर त्यांनी प्रयत्न तरी केला असता. नुसतं 'सवय होईल' म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपणच नाजूक आहोत.

मग सोडतानाचा दाब काढूनच का टाकत नाहीत? घेताना द्यावा, सोडताना बंद करावा. मलाही आधी हेच सुचलं होतं. याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घसा सर्वांत अरुंद होतो तो श्वास घेताना नव्हे, तर श्वास सोडून होता होता. आत येणारी हवा घसा खेचते हे खरं, पण त्या वेळी मेंदू घशाच्या स्नायूंनाही जागं करतो आणि ते घसा ताणून धरतात. उच्छ्वासाच्या शेवटाला ते सैल पडलेले असतात, फुप्फुसं लहान झालेली असतात, त्यामुळे श्वासनलिकेला खालून मिळणारा ताणही गेलेला असतो. १९९८ मध्ये झोपलेल्या रुग्णांच्या नाकातून दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा श्वास अडण्याच्या आधीचे काही श्वास पडजिभेमागची जागा प्रत्येक उच्छ्वासाच्या अखेरीस थोडी थोडी आणखी मिटत गेलेली दिसली. दार लागतं ते श्वास सोडताना. आपल्याला कळतं मात्र पुढचा श्वास घेताना. म्हणजे सोडताना जाणवणारा हा अडथळा उपचाराचा उपद्रव नव्हे, तो उपचाराचाच गाभा आहे.

हीच युक्ती शरीर स्वतःही करतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, फुप्फुसं कच्ची असलेल्या बाळाचं कण्हणं ज्यांनी ऐकलंय ते विसरणार नाहीत. प्रत्येक उच्छ्वासाला एक बारीक 'अंह' येतो. ते नुसतं रडणं नसतं. बाळ स्वरयंत्र अर्धवट मिटून हवा अडवतं, छातीत दाब राखतं, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या मिटत नाहीत. १९६८ मध्ये केप टाउनच्या डॉक्टरांनी दाखवलं की नळी घालून हे कण्हणं बंद पाडलं की बाळाच्या रक्तातला प्राणवायू घसरतो. त्यावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरींनी बाळांना बाहेरून तसा सतत दाब दिला. १९७१ च्या त्यांच्या अहवालातली २० अत्यवस्थ बाळांपैकी १६ वाचली. पुढे रूढ झालेली एक पद्धत तर अगदी पेल्यातल्या स्ट्रॉसारखीच आहे. बाळाच्या उच्छ्वासाची नळी पाण्याच्या बाटलीत ठराविक खोल बुडवायची आणि बुडबुडे येत राहतात की नाही ते पाहायचं. आपल्याकडच्या नवजात अतिदक्षता कक्षांमध्येही ही बुडबुड्यांची बाटली दिसते.

दमेकरी किंवा फुप्फुसं झिजलेली माणसं तोंडाचा चंबू करून फूऽऽ करत श्वास सोडतात, तेही त्याच जातीचं. कुणी न शिकवता त्यांना ते सापडतं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत नाकपुड्यांवर चिकटवायच्या झडपा निघाल्या, घेताना मोकळ्या आणि सोडताना आवळणाऱ्या. यंत्र नाही, वीज नाही, केवळ उच्छ्वासाला अडथळा, आणि तरीही काहींचं श्वास अडणं कमी झालं. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोपाळू अवस्था घटली आणि श्वास अडण्याचे प्रसंग तासाला चार-पाचांनी कमी झाले. प्रयोग लहान आहे, मशीन फेकून शंख आणावा असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण घशाच्या स्नायूंना उच्छ्वासावर कसरत करायला लावली तर ते रात्री कमी ढेपाळतात, ही कल्पना विचारात घेण्याजोगी आहे.

तेव्हा सोडतानाचा दाब हवा, पण माणसाला सोसवेल इतकाच हवा. गेल्या तीसेक वर्षांतले यंत्रांमधले बहुतेक बदल याच पेचातून निघाले. १९९० मध्ये पिट्सबर्गच्या सँडर्स आणि कर्न यांनी घेतानाचा आणि सोडतानाचा दाब वेगवेगळा ठेवून पाहिला आणि सोडताना कमी दाबातही घसा उघडा राहू शकतो हे दाखवलं. आपण ज्याला बायपॅप म्हणतो ते हेच. नंतर साध्या सीपॅपमध्येही उच्छ्वासाला सवलत देणारी सोय आली. कंपनीगणिक नाव वेगळं, पण मुख्य प्रकार दोन. एकात उच्छ्वास सुरू होताच दाब थोडा उतरतो आणि उच्छ्वास संपायच्या आत पुन्हा जागेवर येतो. दुसऱ्यात एक, दोन किंवा तीन सेंटिमीटर उतरलेला दाब पुढचा श्वास सुरू होईपर्यंत खालीच राहतो. पडद्यावर दोन्ही 'आराम' या एकाच शब्दाखाली दिसतात. पण दुसऱ्या प्रकारात तीनची सवलत म्हणजे दार लागण्याच्या नेमक्या क्षणी टेकू तीननं कमी, हे रुग्णाला कुणी सांगत नाही. दहाचा दाब ठरवून दिलेल्या माणसाला प्रत्यक्षात घसा मिटतेवेळी सात मिळतो. काहींना तो पुरतो. काहींचा घसा पुन्हा मिटू लागतो, आणि माणूस म्हणतो, मशीन आता छान वाटतंय पण दिवसभर पेंग येते.

सवलतीनं माणसं मशीन जास्त वेळ लावतात का? सुरुवातीचे अभ्यास आशादायक होते. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात मात्र उच्छ्वासाच्या सवलतीनं वापर ठामपणे वाढल्याचं दिसलं नाही, आणि दाब आपोआप कमीजास्त करणाऱ्या मशीननं वाढ झाली ती रात्रीमागे सरासरी १३ मिनिटांची. हे वाचून मी काही दिवस निराश होते. मग एका डॉक्टरांनी सांगितलं की सरासरीत सगळे मिसळले जातात. ज्याला मुळात अडचण नव्हती त्याला सवलतीनं काय मिळणार? ज्याला खरी अडचण आहे तो त्या सरासरीत बुडून जातो. मला हे पटतं. सवलतीचं बटण सरसकट सगळ्यांना तीनवर लावून देणं चूक, आणि 'उपयोग नाही' म्हणून बंद ठेवणंही चूक. ते लावल्यानंतर आठवडाभरानं मशीनमधल्या नोंदी कुणीतरी उघडून पाहायला हव्यात.

दुसरी तक्रार यंत्राच्या दाबाची नाहीच. ती मशीन नसतानाही असते आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला आधी कळते. घोरणं आपण आत जाणाऱ्या श्वासाचं समजतो, पण काहींचा बाहेर पडणारा श्वास 'फुर्रर्र' करत ओठांतून निसटतो. गाल फुगतात, ओठ फुरफुरतात. पोरं नक्कल करून हसतात. यामागे बरेचदा पडजिभेचा मऊ टाळू असतो. उच्छ्वासाची हवा घशातून वर येते आणि हा मऊ पडदा खालून उचलून नाकाच्या मागच्या दारावर बसवते, विहिरीच्या पंपातली एकतर्फी झडप बसावी तसा. नाकाची वाट बंद. उरलेली हवा तोंड उघडेल तिथून जाते. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये घशातली दुर्बीण आणि श्वासाचा आलेख एकत्र पाहून याची खूण नोंदवली. उच्छ्वास सुरू होतो, एक टोकदार उसळी घेतो आणि मग एकदम कोसळतो.

हे आलेख महत्त्वाचे अशासाठी की स्लीप स्टडीचा अहवाल जे मोजतो त्यात हे बसतच नाही. तासाला किती वेळा श्वास दहा सेकंद थांबला किंवा उथळ झाला, हाच त्यातला मुख्य आकडा असतो. उच्छ्वास मध्येच तुटला तरी श्वास 'झाला' असंच धरलं जातं. माणूस रात्रभर कोंडल्यासारखा झोपतो आणि कागदावर आकडा किरकोळ दिसतो. नाकावरचा छोटा मास्क लावला असेल तर तोंडातून फुरफुरणारी हवा 'गळती' म्हणून नोंदली जाते, मग कुणी हनुवटीला पट्टा बांधायला सांगतं. हल्ली तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायची टूम निघाली आहे, तीही इथेच येते. मागचं दार झडपेनं लागलेलं असताना पुढचं आपणच बंद केलं तर हवेनं जायचं कुठून? अमेरिकेतच २०२४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांचा अडथळा मऊ टाळूपाशी आहे, त्यांचं तोंड झोपेत मिटवलं तर हवेचा प्रवाह आणखी घटतो. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, नाक चोंदलेलं असेल तर ते मोकळं करावं, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावून पाहावा. पट्टी हा सर्वांत शेवटचा विचार असू दे, आणि तोही डॉक्टरांना विचारूनच.

झोपेतल्या कण्हण्याबद्दल थोडं. खोल श्वास घेऊन मग लांबलचक उच्छ्वासावर कण्हत राहणारी काही माणसं असतात, बहुधा उत्तररात्री. स्वतः त्यांना काहीच कळत नाही, पण होस्टेलमध्ये किंवा लग्नानंतर पंचाईत होते. बेल्जियमच्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये ते प्रथम वर्णिलं, पुढे त्याला कॅटाथ्रेनिया असं ग्रीक नाव मिळालं. आधी ते झोपेत चालण्या-बोलण्याच्या वर्गात टाकलेलं होतं, २०१४ च्या वर्गीकरणात ते श्वासाच्या विकारांत आलं. काहींचं ते सीपॅपनं थांबतं. आपल्याकडे मात्र ते बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपाऱ्यांत अडकल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. विशीतली मुलगी होती. तिला आणि तिच्या आईला या प्रकाराला नाव आहे एवढं कळल्यानंतर झालेला आनंद माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

आता नानांकडे येते, कारण त्यांची तक्रार तिसऱ्या जातीची निघाली. अडथळा घशात नव्हता, दाबातही नव्हता, फुप्फुसांतच होता. आमचं गुऱ्हाळ होतं. नानांनी उभ्या आयुष्यात बिडी ओढली नाही, पण तीसेक हंगाम त्यांनी चुलवाणापाशी काढले. चिपाडांचा धूर, उसाच्या रसाची वाफ, पहाटे तीनपासून. सिगारेट न ओढणाऱ्यांनाही फुप्फुसांची झीज होते, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत याच विषयावर लिहिलं, आणि चुलीचा धूर त्यातलं एक मोठं कारण. भारतात २०१६ मध्ये या आजाराचे, म्हणजे सीओपीडीचे, सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. त्यातल्या किती जणांची फुंकून घ्यायची साधी तपासणी, स्पायरोमेट्री, झाली असेल?

या आजारात रबरच सैल पडलेलं असतं. हुश्श म्हणून सोडलं तरी फुप्फुसं मापावर येत नाहीत, आणि सोडायच्या जोरात बारीक नळ्याच चेपून मिटतात. हवा आत अडकते. पुढचा श्वास त्या शिळ्या हवेच्या वर येऊन बसतो. जागेपणी माणूस पुढे वाकून, हात टेकून, तोंडाचा चंबू करून निभावतो. आडवा झाला, झोप लागली, मदतीला येणारे मानेचे-बरगड्यांचे स्नायू सैल पडले, की हिशेब चुकत जातो. अशा माणसाला श्वास सोडायला जास्त वेळ लागतो. त्याच्यासाठी दाबापेक्षा वेळ मोलाचा. गंमत अशी की बाहेरून दिलेला थोडा दाब मिटणाऱ्या नळ्यांना आधारही देतो, म्हणजे तोच दाब नेमका असेल तर मदत आणि जास्त झाला तर छळ. दमेकऱ्यांच्या नळ्याही पहाटे चारच्या सुमाराला सर्वांत आवळलेल्या असतात. रात्री अकराला मशीन ठीक वाटतं आणि पहाटे असह्य होतं, त्याचं एक कारण हे असू शकतं.

घसा मिटणं आणि फुप्फुसं झिजणं हे दोन्ही एकाच माणसात असू शकतं. डेव्हिड फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये याला 'ओव्हरलॅप' म्हटलं. २०१० मधल्या स्पेनच्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी ज्यांनी सीपॅप वापरला ते न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला आहे त्यांच्यासाठी बायपॅपचं महत्त्व आणखी मोठं. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या २०१४ च्या चाचणीत वर्षभरात मशीन न लावलेल्यांपैकी ३३ टक्के दगावले, लावलेल्यांपैकी १२ टक्के. म्हणून बायपॅपला 'महागडा सीपॅप' समजू नये. कुणाला कोणतं, हे रक्तातल्या वायूंच्या तपासणीवर ठरतं, दुकानात ठरत नाही.

चौथ्या प्रकारात माणूस म्हणतो, 'श्वास सोडला आणि पुढचा आलाच नाही.' ऐकायला सारखं वाटतं, पण इथे उच्छ्वासाला अडचण नाही. इथे मेंदूच पुढच्या श्वासाची आज्ञा द्यायला उशीर करतो. मशीन नवीन असताना काहींना असं होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप थांबतं. दाब वाढवून ते सुटत नाही, उलट वाढूही शकतं. हृदय दुबळं असलेल्यांनी विशेष जपायचं, कारण अशा थांबणाऱ्या श्वासांसाठी बनवलेल्या एका हुशार यंत्रप्रकाराची २०१५ मध्ये मोठी चाचणी झाली, तेव्हा हृदयाची पंप करण्याची ताकद बरीच घटलेल्या रुग्णांत हृदयविकारानं होणारे मृत्यू वाढलेले आढळले. यंत्र काम चोख करत होतं, श्वास सुधारलेही होते. तरीही.

काही अडचणी याहून बारीक, पण रात्र मोडायला पुरेशा. मास्कवर एक जाळी किंवा बारीक छिद्रं असतात, सोडलेली हवा तिथूनच जाते. पाइप एकच असतो, परतीची वाट ती छिद्रं. दहाच्या दाबाला त्यातून मिनिटाला सुमारे ३० ते ४० लीटर हवा वाहते. थंडीत डोक्यावरून घोंगडी ओढली, छिद्रं साबणाच्या थरानं बुजली, की कोंडल्यासारखं होणारच. काहीजण आवाज येतो म्हणून छिद्रांवर पट्टी लावतात, ते जिवावर बेतू शकतं. दाब चारपासून हळूहळू वाढवणारी सोय असते, पण धिप्पाड माणसाला चारवर हवाच अपुरी पडते आणि तो म्हणतो गुदमरतंय. त्याला दाब कमी नव्हे, सुरुवातीलाच थोडा जास्त हवा असतो. गिळलेल्या हवेनं पोट फुगलं तर छातीखालचा पडदा वर ढकलला जातो आणि श्वास पुन्हा आखडतो. आणि वीज गेली तर? नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा घेणारी झडप असते, ती मशीन बंद पडताच उघडायला हवी. भारनियमनाच्या गावात राहणाऱ्यानं महिन्यातून एकदा दिवसाढवळ्या मास्क लावून मशीन बंद करून ती उघडते का ते पाहावं.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडियांच्या गटानं २००४ मध्ये नेहमीच्या तपासणीला आलेल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्क्यांचा झोपेतला श्वास बिघडलेला होता, आणि दिवसा पेंग येण्याइतका त्रास ७.५ टक्क्यांना. गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, आणि फक्त पुरुषांची. नंतर मशीनं स्वस्त झाली, मोबाइलवर आकडे दिसू लागले, तालुक्याच्या गावीही मास्क मिळू लागले. मशीन विकल्यानंतरची दुसरी भेट मात्र आली नाही. यंत्र देणारा डॉक्टर नसतो, डॉक्टरला यंत्रातल्या नोंदी उघडायला वेळ नसतो, आणि रुग्णाकडे सांगायला एकच वाक्य असतं. त्या वाक्याला उलटे प्रश्न विचारायला दहा मिनिटंही लागत नाहीत. त्रास लावल्या लावल्या होतो की पहाटे? मशीन काढल्यावर लगेच बरं वाटतं की बसून राहावं लागतं? जिना चढताना सोडायला वेळ लागतो का? ओठ फुरफुरतात का, हे घरच्यांना विचारलं का? पोट फुगतं का? धुरात किती वर्षं काढली?

हा शेवटचा प्रश्न नानांना पहिल्यांदा विचारला तो तिसऱ्या डॉक्टरांनी, मशीन घेतल्यावर जवळजवळ चार महिन्यांनी. नानांनी नळीत फुंकलं, सहा सेकंद संपले तरी त्यांची हवा संपेना. डॉक्टरांनी आलेख वळवून आम्हाला दाखवला. रक्तातले वायू ठीक होते, त्यामुळे मशीन बदलावं लागलं नाही. आधी नळ्या उघडणारा इनहेलर सुरू झाला, तो ओढायची पद्धत दोनदा करून घेतली. उशाकडची बाजू उंच केली. तीन आठवड्यांनी नोंदी पाहून दाब दीडनं उतरवला, सवलत दोनवर ठेवली, आणि पुन्हा नोंदी पाहिल्या.

आता ते साडेपाच तास मास्क लावून झोपतात. सहा व्हावेत असं डॉक्टरांना वाटतं. नाना म्हणतात, "पाचाच्या पुढं मला तशीबी झोप नसती, गुऱ्हाळात कुठं झोपलो हुतो?" पहाटे उठून ते मास्क कोमट पाण्यानं धुतात, छिद्रं उजेडाकडे धरून पाहतात आणि दांडीवर वाळत घालतात.